कोठीचा शिधा : शंभर वर्षांचं स्वस्त आणि कसदार अन्न



शताब्दीच्या अंकात विणेकऱ्यांचा, चोपदारांचा, मृदंगवाल्यांचा आणि कीर्तनकारांचा मान पहिला. तो असायलाच हवा. पण दिंडी चालते पायांवर आणि पाय चालतात पोटावर. आळंदीहून पंढरीपर्यंत अडीच-तीन आठवडे, दिवेघाट चढून, नीरा ओलांडून, उन्हापावसात म्हातारी माणसं चालत जातात, ती काय खाऊन? तेही खिशात चार पैसे असताना? या प्रश्नाचं उत्तर दिंडीच्या कोठीत आहे. म्हणून हा लेख कोठीचा आहे. ज्वारीच्या पोत्याचा, डाळीच्या गाठोड्याचा, शेंगदाण्याच्या कुटाचा आणि ते सांभाळणाऱ्या हातांचा हा इतिहास आहे.

सांगायची गोष्ट एकच. आपल्या आधीच्या पिढ्यांचं जेवण स्वस्त होतं आणि कसदारही होतं. पुढं आपल्या हातात पैसा थोडा जास्त आला, पण ताटातला कस कमी झाला. हे कसं झालं ते नीट समजून घेतलं, तर आजच्या महागाईतही तो कस परत आणता येतो.

दुष्काळातून आलेलं शहाणपण

वारकऱ्यांच्या इतिहासात धान्य पहिल्यापासून आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. बहामनी काळात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी सरकारी कोठार भुकेल्यांसाठी उघडलं आणि त्यांची भरपाई करायला पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला, अशी ती कथा. या कथेचा देव कोठाराचं देणं फेडणारा आहे, हे ध्यानात ठेवावं. आणि मंगळवेढा हा पंढरपूरच्या शेजारचा ज्वारीचाच मुलूख. तिथल्या काळ्या रानातल्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

तुकोबाराय तर जातीचे नव्हे, तरी व्यवसायानं वाणी. घरात महाजनकी, बाजारात दुकान. किराणा म्हणजे काय, माप म्हणजे काय, उधारी म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शके १५५१-५२ च्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूलही गेलं. त्यानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं चरित्रकार सांगतात. मागं राहिलेला संसार ओढला तो जिजाईनं. घरात दाणा नसताना चूल पेटती ठेवायची आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढायचं. तंगीत घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईनं जिजाईला आपली मानावी.

पुढं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला आजचं शिस्तीचं रूप दिलं. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सोय केली. पालखीच्या नैवेद्याची सोय अशी झाली. पण दिंडीतल्या माणसांच्या पोटाची सोय दिंडीनं आपली आपणच करायची, ही रीत तिथपासून पक्की राहिली. दिंडी म्हणजे जसं भजन, तशी दिंडी म्हणजे भिशी. प्रत्येकानं आपला वाटा टाकायचा आणि एका चुलीवर शिजवायचं.

शंभर वर्षांपूर्वीची गाडी

आपल्या दिंडीसारख्या दिंड्या ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी उभ्या केल्या, ती माणसं कोणत्या काळातून आली होती? १८९६ पासूनचे प्लेगाचे आणि दुष्काळाचे दिवस त्यांच्या आईबापांनी पाहिले होते. १९१८ मध्ये पाऊस गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ घरंच्या घरं घेऊन गेली. धान्याचा दाणा सांडला तर तो वेचून कपाळाला लावणारी ही पिढी.

त्यांच्या बैलगाडीत काय असायचं? ज्वारी नाहीतर बाजरीचं पीठ. हरभऱ्याची डाळ आणि तिचंच बेसन. तूर, मटकी, हुलगे. शेंगदाणे, जवस, कारळं. लाल तिखट, मीठ, हळद. गुळाची ढेप. घाण्याच्या तेलाचा एखादा डबा, तोही जपून वापरायचा. बहुतेक शिधा पैशानं घेतलेला नसे. ज्याच्या शेतात जे पिकलं ते त्यानं घालायचं. कुणी दोन पायल्या ज्वारी, कुणी शेरभर डाळ, कुणी नुसतं तिखट. ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं सरपण गोळा करायचं, पाणी भरायचं, भांडी घासायची. त्याचाही वाटा पुरा धरायचे.

ताटात पडायचं ते असं : भाकरी-पिठलं, भाकरी-आमटी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा. थकलेल्याला आणि सर्दी-तापानं बेजार झालेल्याला हुलग्याचं गरम माडगं. पोट बिघडलेल्याला ज्वारीच्या कण्या आणि ताक. उन्हात आंबील. वाटेवर बायका चालता चालता बांधावरची भाजी खुडायच्या. आषाढाच्या तोंडाशी पहिल्या पावसावर तांदुळजा, घोळ, चिवळ, टाकळा उगवतोच. कुठं अंबाडी मिळाली तर कण्या घालून भाजी. पैसा लागायचा नाही, लागायची फक्त ओळख.

आता हे अन्न गरिबाचं होतं म्हणून निकस होतं, असं कुणी समजू नये. आहारशास्त्र काय सांगतं ते पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात आणि जवळपास तेवढाच चोथा. हरभऱ्याच्या डाळीत प्रथिनं २० ग्रॅमच्या वर आणि शेंगदाण्यात त्याहूनही थोडी जास्त. धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे उणं असतं ते धान्यात सापडतं. म्हणजे भाकरी आणि पिठलं एका ताटात आली की दोघांची उणीव भरून निघते. बाजरीत लोह आहे, आणि वर लिंबू पिळलं किंवा आंबट अंबाडी खाल्ली की ते लोह अंगी चांगलं लागतं. जवस-कारळ्यात चांगलं तेल आहे. चोथ्यामुळं साखर रक्तात हळू चढते आणि भूक लवकर लागत नाही. म्हणून सकाळी भाकरी खाऊन निघालेला माणूस दुपारच्या विसाव्यापर्यंत टाळ वाजवत नाचत जायचा.

आपल्या आजीला लायसिन ठाऊक नव्हतं. पण नुसती कोरडी भाकरी पोराला द्यायची नाही, सोबत काहीतरी डाळीचं, दाण्याचं पाहिजे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

एक चूल, दोन पंगती

इतिहास लिहायचा तर पुरा लिहावा. त्या काळी सगळ्या दिंड्यांत एकच पंगत बसत नव्हती. इरावती कर्वे ज्या दिंडीबरोबर वारी चालल्या, त्या दिंडीत ब्राह्मण मंडळींचं आणि मराठा मंडळींचं जेवण वेगळं होत असे. भजन एक, वाट एक, आणि जेवायच्या वेळी दोन बाजू. याची खंत त्यांनी आपल्या ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवली आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठं विठ्ठलाचं मंदिर सर्वांना उघडलं. पंगती एक व्हायला त्यानंतरही वेळ लागला.

याचा स्वस्ताईशी काय संबंध, असं कुणी विचारेल. आहे, माउली. दोन चुली म्हणजे दुप्पट सरपण, दुप्पट भांडी, दुप्पट नासाडी. एक चूल म्हणजे थोडक्यात पुष्कळांचं पोट. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, त्याचा अर्थ तरी दुसरा काय? प्रत्येकाची शिदोरी एकत्र केली की कुणाची कमी राहत नाही. जिथं काला मनापासून झाला तिथं कोठी कधी रिकामी पडली नाही.

रेशन, मिलो आणि सुकडी

दुसरं महायुद्ध आलं आणि धान्य सरकारच्या हातात गेलं. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, पुढं ते इतर शहरांतही पसरलं. पावशेर-अर्धाशेरानं मोजून मिळणारं धान्य घेऊन वारी करायची म्हणजे घरच्यांच्या तोंडचा घास काढायचा. स्वातंत्र्यानंतर १९५६ पासून करार करून अमेरिकेचा गहू येऊ लागला. खेड्यात गहू तोवर सणासुदीचं धान्य होतं. पुरणपोळीला, जावयाच्या पाहुणचाराला. तोच गहू आता रेशनवर मिळायला लागला.

१९६४ मध्ये ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. गावोगाव त्याला नाव पडलं ‘हायब्रीड’. उतारा मोठा, त्यामुळं भूक भागली, हे उपकार नाकारता येत नाहीत. पण भाकरीला शाळूची चव नाही, असं बायकांचं म्हणणं पडलं. खाण्यासाठी रब्बीची मालदांडीच हवी, ही आवड आजही तशीच आहे.

मग १९७२ आलं. ज्यांनी ते वर्ष पाहिलं त्यांना तारीख सांगावी लागत नाही. आपल्या दिंडीतल्या जुन्या माणसांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली आहे, नालाबांध घातले आहेत. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची आणि घशाखाली उतरायची नाही, तरी तिनं जगवलं. कामावरच्या माणसांना सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ, त्यात डाळीचा आणि दाण्याचा भाग, आणि गोडी. सुकडीकडं नीट पाहिलं तर ती आपल्या कोठीचाच नियम होती : धान्याला डाळ, डाळीला दाणे, वर थोडा गूळ. सरकारनं जे पिशवीत भरलं ते आपल्या आजीच्या फडक्यात आधीपासून बांधलेलं होतं. त्याच दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, तो १९७७ मध्ये मंजूर झाला.

कस कुठं गळाला

दुष्काळ सरला. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, दूधसंघ आले. बैलगाडीच्या जागी ट्रक आला, सरपणाच्या जागी गॅस. चालणाऱ्याची सोय झाली, धुरानं डोळे जाळून घेणाऱ्या आयाबायांची सुटका झाली. हे चांगलंच झालं. पण त्याच बरोबर भाकरीची लाज वाटायला लागली. पाहुण्याला चपाती आणि घरच्याला भाकरी, मग घरच्यालाही चपाती. पंगतीत भात वाढला, कारण तो शिजवायला सोपा. शेकडो भाकरी थापायला हात लागतात, पातेलंभर भाताला एकच आचारी पुरतो. हुलगे जनावराचं खाणं ठरले. गुळाची जागा साखरेनं घेतली, न्याहारीची जागा चहा-बिस्किटानं.

सरकारचा हातभारही त्याच दिशेनं लागला. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली, तेव्हा भाकरीला मान मिळेल असं वाटलं, पण ती योजना टिकली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरिबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला. कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोनं द्यायची तरतूद होती, तरी आपल्या दुकानात मुख्यतः गहू आणि तांदूळच आले. २०२३ पासून ते धान्य फुकट मिळतं. फुकटचा गहू घरात असताना बाजारातून महाग शाळू कोण आणणार? आणि ज्वारीचं रान कमी झालं तसा तिचा भाव चढत गेला. जे एकेकाळी गरिबाचं धान्य, ते आज कित्येकदा गव्हापेक्षा महाग विकलं जातं. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, त्यानंतर शहरात त्याची पाकिटं सजली. पिकवणाऱ्याच्या ताटात मात्र ती भाकरी परतली का, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात पाहावं.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. दिंडीच्या पिशवीत पूर्वी बुक्का आणि तुळशीची माळ असायची. आज शेजारी साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या असतात. याचं एकच कारण अन्न, असं म्हणता येणार नाही. पण वाटेवर दिवसभरात काय काय हातात पडतं ते मोजा. शिरा, बुंदी, जिलेबी, गोड चहा पाच वेळा, बिस्किटाचे पुडे, तळलेले वडे. देणाऱ्याची भक्ती खरी आहे, घेणाराही नाही म्हणत नाही. पण साखरेचा आजार असलेल्या माउलीच्या हातावर जिलेबी ठेवण्याऐवजी उसळ, केळं, ताक नाहीतर फुटाणे-शेंगदाणे ठेवले, तर त्याच खर्चात मोठं अन्नदान होईल.

उपवासाचं ताट

एकादशीबद्दलही बोलावं लागेल. खेड्यातल्या जुन्या वारकऱ्याच्या उपवासात साबुदाणा आजच्याइतका नव्हता. तमिळनाडूतल्या सेलम भागात १९४० च्या दशकात टॅपिओकाच्या कंदापासून तो करायचे कारखाने वाढले आणि मग तो घरोघर आला. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नावालाच. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेली रताळी, ताक हे अंगाला लागतं. भगर मात्र स्वच्छ आणि कोरडी, बंद पाकिटातली घ्यावी, शिजवण्याआधी निवडावी आणि तिचं पीठ दळून साठवू नये. ओल लागली की बुरशी धरते आणि त्यानं लोक आजारी पडतात. खिचडीच करायची झाली तर साबुदाणा कमी आणि दाण्याचा कूट जास्त, एवढं तरी पाळावं.

आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते. पालखी पंढरीच्या जवळ आलेली असते आणि चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी मंडळी त्या दिवशी कांद्याचं थालीपीठ खाऊन घेतात. थालीपीठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद, धने सगळं एकत्र दळलेलं असतं. एका सणाच्या निमित्तानं पुरा आहार पोटात जातो. आपल्या रीतीभातींत असं शहाणपण ठायी ठायी आहे.

घरच्या कोठीसाठी

दिंडीच्या कोठीचे नियम घरालाही लागू पडतात. महिन्याचा किराणा भरताना हे ध्यानात ठेवावं.

पायलीला शेर. म्हणजे चार मापं धान्य घेतलं तर एक माप डाळ-कडधान्य घ्यावंच. पैसे कमी पडले तर आधी साखर, तळण आणि पुड्यातला खाऊ कमी करावा, डाळ कमी करू नये. तूर महाग झाली तर हरभरा, मटकी, हुलगे घ्यावेत. हुलगा आणि मटकी मोड आणून केली की थोड्यातच भांडं भरतं.

रेशनचा गहू-तांदूळ टाकून देऊ नये, तो हक्काचा आहे. पण गव्हात थोडी ज्वारी-बाजरी किंवा हरभरा मिसळून दळावं, भाताबरोबर घट्ट वरण घ्यावं. दिवसातलं एक जेवण तरी भाकरीचं ठेवावं. सुगीच्या वेळी चार घरांनी मिळून शेतकऱ्याकडून थेट शाळू घेतला तर दोघांचंही भलं होतं. तो उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला की टिकतो.

रोज मूठभर दाणे, मग ते चटणीत असोत की कुटात. रोज एक हिरवी भाजी, विकतची नसेल तर बांधावरची, शेवग्याचा पाला तर दाराशीच असतो. तेल मोजून, मीठ मोजून. माणशी दिवसाला चमचाभर मीठ पुष्कळ झालं, पापड-लोणचं त्यातच धरायचं.

आणि दिंडीत ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी उपाशी चालू नये, गोळी चुकवू नये, खिशात थोडे फुटाणे आणि अडीनडीला खडीसाखर ठेवावी.

पुढच्या शंभर वर्षांसाठी

शताब्दीला देणग्या येतात, मंडप होतात, फलक लागतात. त्यातला थोडा वाटा कोठीकडं वळावा, अशी या निमित्तानं विनंती आहे. दिंडीनं पुढच्या वारीपासून रोज निदान एक पंगत भाकरी आणि डाळीची करावी. सुगीत आपल्याच गावच्या शेतकऱ्यांकडून ज्वारी आणि हुलगे घेऊन ठेवावेत. भाकरी थापायला पुरुष मंडळींनीही बसावं. पूर्वी बायकांचेच हात थकले, आता वाटून घेतले तर शेकडो भाकरीसुद्धा जड जाणार नाहीत. आणि ज्याच्याकडं भिशीला पैसे नाहीत त्यानं पाणी भरावं, भाजी निवडावी, त्याचा वाटा पुरा धरावा. जुन्यांनी तसाच धरला होता.

विणा खाली ठेवायचा नसतो, तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. कोठीची किल्लीही तशीच सांभाळून पुढच्या हातात द्यायची आहे, आणि देताना आत दाणा कसदार असला पाहिजे.

रामकृष्णहरि.